घाटातली बारी

इटलीतल्या सिएना शहरात २ जुलै आणि १६ ऑगस्टला भर चौकात घोडे पळतात. तीन फेऱ्या, जेमतेम दीड मिनिट! पिंपरीच्या संत तुकाराम नगरात आलेल्या पाहुण्यांना असाच थरार चाकणच्या पलीकडे मिळतो.

चैत्र लागला की खेड तालुक्यात गावोगावी यात्रा भरतात. निमगावला खंडोबाचं दर्शन घेऊन, कपाळी भंडारा लावून माणसं घाटाकडे, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीकडे वळतात. पुढे घोडी, मागे उधळलेला बैलगाडा. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सेकंदांत मोजायची.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या होत्या. राज्याने कायदा बदलला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो वैध ठरवला. बैलांचा छळ होता कामा नये, ही अट मात्र पाळलीच पाहिजे.

पाहुण्यांनी कडेची उंच जागा धरावी. घाटात उतरू नये.