वाणसामानाची वही

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला खरं तर 'बँकिंग : काल आणि आज' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, तो विषय ऐकून माझा मुलगासुद्धा उठून जातो. त्यापेक्षा मी किराण्यावर बोलतो. त्यावर मीटिंगमध्ये हशा झाला. बी विंगमधल्या एक वहिनी म्हणाल्या, "काका, तुम्हाला मसूर आणि तूर ओळखता येते का?" येते हो वहिनी. पण बावन्नाव्या वर्षी यायला लागली, हेही खरं. आमची सौ. तिसऱ्या रांगेत बसली आहे, त्यामुळे आज मला खोटं बोलायची सोय नाही.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, २००१ साली आपण इथे रहायला आलो तेव्हा सगळेच हप्त्यात होतो. कुणाचं एलआयसीचं कर्ज, कुणाचं एचडीएफसीचं, कुणी बायकोचे दागिने मोडून पैसे भरलेले. आमच्याकडे बँकेचं स्टाफ लोन होतं, व्याज कमी होतं, पण स्वतःचे भरायचे पैसे सोसायटीतल्या ठेवी मोडून आणि थोडे मित्रांकडून घेऊन उभे केले होते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई. मोठी मुलगी इंजिनिअरिंगच्या उंबरठ्यावर. पगार झाला की मी ठरलेली रक्कम सौ.च्या हातात द्यायचो आणि महिनाभर निर्धास्त. घर चालत होतं. डबा वेळेवर मिळत होता. मला वाटायचं, आपलं प्लॅनिंग उत्तम आहे.

२००३ साली आपल्याच सोसायटीत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. पार्किंगमध्ये टेबलं मांडली होती. माझं सगळं व्यवस्थित निघालं. हिच्या कागदावर हिमोग्लोबिन साडेसात. बाईमाणसाला बारा तरी हवं. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बाई, आठवडाभर तुम्ही काय काय खाता ते लिहून आणा."

आता लिहून आणा म्हटल्यावर माझ्यातला इन्स्पेक्शनवाला जागा झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शाखांची लेजरं तपासली, म्हटलं ही पण तपासू. हिची वाणसामानाची वही मी पहिल्यांदा हातात घेतली. लग्नानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी! वही इतकी नेटकी, की आमच्या कॅशिअरला दाखवावी. आणि त्यात, आपण इथे आलो त्याच महिन्याच्या पानावर, तळाशी एक ओळ : 'दूध अर्धा लि. बंद.'

पहिला हप्ता त्याच महिन्यात गेला होता.

अर्धा लिटर कुणाचं बंद झालं? आईचं नाही, मुलांचं नाही, माझ्या दोन वेळच्या चहाचं तर नाहीच. पुढची पानं चाळली. अंडी सहा, म्हणजे मुलांची. शेंगदाणे एक किलोवरून अर्धा. आणि आठवडाभराचं जे तिने लिहिलं, त्यात सकाळी चहा आणि रात्रीची पोळी, दुपारी सगळ्यांचं झाल्यावर भात आणि तळाची आमटी. आमचा ताळेबंद जुळत होता, कारण तूट तिच्या ताटात टाकलेली होती. माझ्यासारख्या माणसाला ते दोन वर्षं दिसू नये, याची लाज मला अजून वाटते. तिला विचारलं तर म्हणाली, "मला दूध फारसं आवडत नाहीच." हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी म्हटलं असेल, ते तुमचं तुम्हाला माहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात कमतरता निघाली आहे. ती सगळी गरिबाघरची नसणार.

पैसे वाढवणं शक्य नव्हतं. मुलीची फी समोर उभी होती. मग आहे त्या रकमेत काय करता येईल, याचा हिशेब मी मांडायला बसलो. सुरुवातीला हिला ते आवडलं नाही. स्वयंपाकघरात कॅल्क्युलेटर घेऊन पुरुष आला की कुठल्या बाईला आवडेल?

मी साधा भागाकार केला. शंभर रुपयांत प्रथिनं किती मिळतात? त्या वेळचे भाव सांगून उपयोग नाही, म्हणून गेल्या महिन्याच्या माझ्या पावत्यांवरून सांगतो. तुमच्या दुकानात भाव वेगळे असतील, भागाकार तोच. मसूर डाळ नव्वद रुपये किलो धरली, तर शंभर रुपयांत अडीचशे ग्रॅमच्या वर प्रथिनं. अख्खे हरभरे ऐंशी रुपयांनी धरले तर जवळपास तेवढीच. तूरडाळ एकशे तीस रुपये, तिच्यात एकशे सत्तर. शेंगदाणे थोडे महाग, पण तेही तिथेच येतात. अंडी सात रुपयांना एक, म्हणजे शंभरात पंच्याऐंशी. दुधात पन्नासच्या आसपास. बिस्किटांत चाळीस, सोबत साखर आणि मैदा फुकट. आणि मुलांची उंची वाढवणारी म्हणून जी डब्यातली पावडर आपण दुधात घालतो, त्या डब्यामागचा तक्ता भिंग लावून वाचला, तर वीससुद्धा नाहीत!

म्हणून दूध-अंडी बंद करा असं मी म्हणत नाही, उलट सांगतो आहे. दुधातलं कॅल्शियम आणि बी-ट्वेल्व्ह डाळीत नाही. अंड्यातलं प्रथिन अंगी चांगलं लागतं. पण पावडर, बिस्किटं, टोस्ट-खारी आणि फरसाण हे चार खर्च आमच्या वहीतून काढल्यावर जे पैसे सुटले, त्यात हिचं अर्धा लिटर दूध परत चालू झालं, अंडी डझनावर गेली आणि वर शेंगदाण्याचा किलो. कुणाच्याही तोंडचं काही काढलं नाही. मुलगा फरसाणासाठी महिनाभर रुसला होता, ते सोडून देऊ. भाजलेले हरभरे-शेंगदाणे आणि भडंग यांवर तो पुढे चांगला वाढला.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या हिशेबाने मोठ्या माणसाला रोज ऐंशी-नव्वद ग्रॅम डाळी-कडधान्यं हवीत. चौघांच्या घराला महिन्याला झाली दहा किलो. आपल्या घरात किती येतात? मी आमच्या विंगमध्ये सहज विचारत फिरलो. चार, पाच. एका घरात तीन. उलट तेल माणशी पंचवीस ग्रॅम धरलं तर चौघांना तीन किलो पुरायला हवं. तिथे मात्र पाच किलोचा डबा येतो आणि पंचविसाव्या दिवशी वाजतो. मिठाचंही तसंच. माणशी पाच ग्रॅमच्या आत म्हणजे किलोची पिशवी दीड महिन्याच्या वर चालली पाहिजे, आणि त्या पाच ग्रॅमांत लोणचं-पापडातलं मीठही आलं. म्हणजे आपला खर्च कमी पडत नाही, डबे चुकीचे भरलेले आहेत.

गुळाबद्दल एक शब्द. साखर सोडून गूळ धरला की आपण पुण्यवान झालो, असं बऱ्याच जणांना वाटतं. गुळात लोह थोडं असतं, पण मधुमेहाला गूळ म्हणजे साखरच. मी स्वतः मधुमेही आहे, अनुभवाने सांगतो. त्यापेक्षा बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी आणि वर लिंबू पिळणं. आणि जेवल्याबरोबर चहा नाही. चहाने अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. ही एक सवय मोडायला हिला सहा महिने लागले, मला अजून लागताहेत.

बाजरी-ज्वारीचं पीठ मात्र एकदम दळून ठेवू नका. बाजरीचं आठवड्यात कडवट होतं. नाचणीचं टिकतं. तिच्यातलं कॅल्शियम कुठल्याही धान्याला नाही, म्हाताऱ्या हाडांना फार चांगली. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि मग नाचणीची बिस्किटं दीडशे रुपयांना मिळायला लागली! अख्खी नाचणी त्याच्या निम्म्या पैशांत किलोभर येते.

आता खरेदीकडे वळतो. हिमोग्लोबिनचं प्रकरण झाल्यावर २००४ च्या मार्चमध्ये आपल्यातली सहा घरं मिळून गुलटेकडीला मार्केट यार्डात भुसार बाजारात गेलो होतो, आठवतंय? मार्च यासाठी, की तेव्हा रब्बीची ज्वारी, हरभरा, नवी तूरडाळ बाजारात आलेली असते, गहूही येऊ लागतो. टेम्पोने पोती आणली, पार्किंगमध्ये ताडपत्री टाकून तराजूवर वाटप केलं. शेवटी टॅली करताना दोन किलो गहू कमी! मी रात्रभर झोपलो नाही. कुणाला जास्त गेलं, कुणी पिशवी बदलली, सगळे संशय घेऊन झाले. सकाळी ही म्हणाली, "अहो, दर मापाला मूठभर इकडेतिकडे होणारच. तुमच्या बँकेत धान्य मोजलं असतं तर कळलं असतं."

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. गच्चीवर वाळत घातलेला गहू संध्याकाळी गरम असतानाच पिंपात भरला, पाऊस येईल म्हणून. जुलैत झाकण उघडलं तर सोंडे वर चढत होते. आई तेव्हा ऐंशीची. आठ दिवस सूप घेऊन बसली, मला एका शब्दाने बोलली नाही, पण रोज मी ऑफिसातून आलो की सूप जरा मोठ्याने आपटायची. धान्य ऊन दाखवल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर आत घाम धरतो. तळाला आणि मध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. तूरडाळीला एरंडेलाचा हात. आणि एक गोष्ट जोर देऊन सांगतो : गोदामात धान्याला लावतात त्या विषारी गोळ्या घरात आणू नका. त्यांचा वायू बंद फ्लॅटमध्ये माणसं मारतो.

ही सामाईक खरेदी सात-आठ वर्षं चालली आणि मग बंद पडली. गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग आलं, मग सोलरचे पॅनेल आले. सुना नोकरीवर जायला लागल्या, दहा मिनिटांत दारात सामान यायला लागलं. मी तक्रार करत नाही. रात्री दहाला डायपर संपले तर माझी सून मार्केट यार्डात जाणार आहे का? पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाव किलो, शंभर ग्रॅम, असे पुडे मागवताना किलोचा भाव कुणी बघत नाही. घरात डाळीचा डबा भरलेला असला की रात्री खिचडी होते. रिकामा असला की मोबाईल उघडतो आणि चारशे रुपये जातात.

सध्या आपल्या बिल्डिंगमध्ये हप्तेवाली तरुण जोडपी पुन्हा आली आहेत. दोघांची नोकरी गेल्याची एक बातमी कमिटीलाही माहीत आहे, नाव घेत नाही. आपल्याकडे झाडलोट करणाऱ्या ताई आणि वॉचमन यांना रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, पण त्यात डाळ नाही, शेंगदाणा नाही, तेल नाही. ती त्यांना आपल्या शेजारच्या दुकानातून पुड्यांनीच घ्यावी लागते, आपल्यापेक्षा महाग.

म्हणून कमिटीपुढे मी लेखी ठेवलं आहे. येत्या मार्चमध्ये एकदा सामाईक खरेदी करू. वर्षाची नको, कुणाच्या घरात पिंपं राहिलेली नाहीत. तीन महिन्यांची पुरे. ज्वारी, गहू, तूर, मसूर, हरभरा, मटकी. शेंगदाणे नको, ते दिवाळीनंतर नवे आले की घेऊ. सोसायटीत काम करणाऱ्यांनाही यादीत धरू, आपल्याच भावाने, पैसे दोन हप्त्यांत. त्यांचे हप्ते मी सांभाळीन, थकबाकी वसुलीचा अनुभव भरपूर आहे. गच्चीची पाण्याच्या टाकीकडची बाजू अजून मोकळी आहे, तेवढी वाळवणाला पुरते. तराजू माझ्या माळ्यावर आहे, त्याला तेल दिलंय.

सौ.ची एकच अट आहे. हिशेब मी लिहायचा, वजनाला ती बसणार, आणि वाळवलेल्या गव्हाला मी हात लावायचा नाही. हिमोग्लोबिन तिचं आता बारावर आहे, त्यामुळे आवाजही वाढला आहे. वही सोसायटी ऑफिसात ठेवली आहे, घरातली माणसं किती आणि काय किती हवं ते लिहा. पहिल्या पानावर आमचं नाव आहे, दुसरं वॉचमनकाकांचं.