स्पर्शाची मोजदाद

कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकांठीं हिवाळ्यांत गुऱ्हाळें लागतात. काहिलींतील रस आटत आला म्हणजे गुळव्या थोडासा पाक थंड पाण्यांत टाकतो व त्याची गोळी दोन बोटांत दाबून पाहतो. मऊ लागली तर आणखी जाळ. घट्ट लागली तर काहील उतरवावयाची. हा निर्णय तो कोणत्या मापानें घेतो, हें आज पाहावयाचें आहे.

आपल्या त्वचेंत मज्जातंतूंचीं सूक्ष्म अग्रें पसरलेलीं असतात. दाब पडला कीं तंतूंतून विजेचे क्षणिक स्पंद मेंदूकडे धांवतात. हलक्या स्पर्शाचा स्पंद लहान व जोराच्या दाबाचा मोठा असेल, असें कोणासहि वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९२६ सालीं केंब्रिज येथें एड्रियन व झॉटरमन यांनीं एकेकट्या तंतूंतील स्पंद टिपले. बेडकाच्या स्नायूस कमीअधिक वजनें लावतांना त्यांना आढळलें कीं, प्रत्येक स्पंद सारखाच असतो. वजनाबरोबर वाढते ती स्पंदांची गति. मांजराच्या पंजावर दाब देऊनहि हेंच दिसलें. घड्याळ एकाचा टोला व बाराचे टोले सारख्याच आवाजांत देतें. वेळ आपण मोजून ओळखतों. मेंदूचेंहि तसेंच. शिवाय दाब वाढला कीं शेजारचे तंतूहि जागे होतात. उलट, दाब तसाच राहिला तर स्पंद विरळ होतात; म्हणून सकाळीं घातलेली अंगठी दुपारीं जाणवत नाहीं.

हा हिशेब बंद पडला तर? मिरजेस कुष्ठरोग्यांसाठीं रिचर्डसन रुग्णालय आहे. अशा ठिकाणच्या डॉक्टरांना या प्रश्नाचें उत्तर रोज दिसतें. कुष्ठरोगाचे जंतु हातापायांच्या मज्जातंतूंवर घाला घालतात. मग पेला किती घट्ट धरला आहे हें रोग्यास कळत नाहीं. तो गरजेपेक्षां अधिक जोर लावतो, आणि तापलेलें भांडेंहि सोडीत नाहीं. रोगानें बोटें झडतात, असा लोकांचा समज आहे. खरें पाहतां बरीचशी हानि अशा न जाणवलेल्या जखमांनीं व त्या चिघळल्यानें होते.

ही बधिरता मोजतां येते. ठराविक भाराला वांकणारे नायलॉनचे धागे डॉक्टर त्वचेवर टेकवितात व रोगी डोळे मिटून कळलें कीं नाहीं तें सांगतो. तळपायास १० ग्रॅमचा धागाहि कळला नाहीं, तर त्या पायास जखमेचा धोका आहे असें समजावें. मधुमेह्यांच्या पायांचीहि हीच परीक्षा करतात.

तेव्हां घरांत कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, किंवा पायास खडा टोंचल्याचें कळेनासें झालें, तर दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. न दुखणें हेंच तेथें रोगाचें लक्षण आहे. कुष्ठरोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. तें वेळीं सुरू झालें, तर हातहि वाचतो आणि त्या हाताची कमाईहि.