स्प्रिंटची आकडेवारी आणि कामाचा अहवाल

(काशीद, तालुका मुरूड, जिल्हा रायगड येथील व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक कामात काम करणारा एका ठिकाणी असतो व निधी मंजूर करणारा दुसऱ्या ठिकाणी. दोहोंमधील दुवा म्हणजे अहवाल. हिंजवडी, ऐरोली येथे संगणकप्रणाली तयार करणाऱ्या अनेक गटांनी अहवालाची जी पद्धत स्वीकारली आहे, ती ग्रामविकासाच्या कामातही उपयोगी पडण्यासारखी आहे.

या कार्यपद्धतीस ‘अजाईल’ म्हणतात. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी तिचा जाहीरनामा तयार केला. तिच्यातील ‘स्क्रम’ हा सर्वाधिक प्रचलित प्रकार केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी त्यापूर्वीच, १९९५ मध्ये मांडला होता. त्यात कामाचे एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीचे टप्पे पाडतात. अशा टप्प्यास ‘स्प्रिंट’ हे नाव आहे. आरंभी किती काम घ्यावयाचे हे गट स्वतः ठरवतो आणि अखेरीस पूर्ण झालेले काम संबंधितांना प्रत्यक्ष दाखवतो. अर्धवट काम हिशेबात धरले जात नाही. यातून दोन आकडे हाती येतात : टप्प्यागणिक पुरे झालेले काम, म्हणजे गटाचा वेग, आणि शिल्लक काम.

या आकड्यांचा उपयोग उदाहरणाने स्पष्ट होईल. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड किनाऱ्याची मोठी हानी केली आणि काशीदच्या सुरूच्या बनालाही त्याचा तडाखा बसला. अशा किनाऱ्यावर जूनच्या मध्यापासून १,२०० रोपे लावावयाची आहेत, असे समजू. खड्डा, लागवड व कुंपण ही तिन्ही कामे झाली तरच रोप ‘पूर्ण’ मानावयाचे. पहिल्या तीन पंधरवड्यांत अनुक्रमे १८०, २२० व १४० रोपे पूर्ण झाली. एकूण ५४० झाली, ६६० राहिली.

सर्वांत चांगल्या पंधरवड्याचा वेग टिकला तर आणखी तीन पंधरवडे लागतील. सर्वांत मंद वेग राहिला तर पाच. म्हणजेच काम सप्टेंबरच्या मध्यास संपेल किंवा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लांबेल. तोवर पाऊस ओसरलेला असेल व उशिरा लावलेली रोपे पाण्यावाचून वाळण्याचा धोका राहील. हे जुलैअखेरीस कळले तर मजूर वाढवता येतात, कुंपणाचे साहित्य लवकर मागवता येते किंवा रोपांची संख्या कमी करता येते. ‘काम समाधानकारक’ एवढाच शेरा वर गेला तर निर्णयाची वेळ निघून जाते.

म्हणून अहवालात एकच तारीख न देता दोन मर्यादा द्याव्यात आणि मंदावलेल्या टप्प्याचे कारण लिहावे. स्क्रमच्या मार्गदर्शिकेतही २०११ मध्ये ‘वचन’ या अर्थाचा शब्द काढून ‘अंदाज’ या अर्थाचा शब्द घालण्यात आला, तो याच विचाराशी सुसंगत आहे.

येथे एक धोका ध्यानात ठेवला पाहिजे. संगणक क्षेत्रात कामाचा आकार मोजण्याचे गुण प्रत्येक गट आपल्या अनुभवाने ठरवतो. त्यामुळे एका गटाचा वेग दुसऱ्याशी ताडून पाहणे व्यर्थ असते. तरीही वरिष्ठांनी वेगावरून गुणानुक्रम लावला, की त्याच कामाला अधिक गुण दिले जातात. आकडा वाढतो, काम तेवढेच राहते. नियंत्रणासाठी वापरलेला आकडा विश्वासार्ह राहत नाही, हा विचार ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात मांडला होता. तो येथेही लागू पडतो.

महाराष्ट्राला हा विषय सर्वस्वी नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेत हजेरीपटाबरोबर मोजमाप पुस्तिकाही असे. किती माणसे आली हे पहिल्यावरून कळे, किती खोदाई झाली हे दुसरीवरून. स्प्रिंटची आकडेवारी ही मोजमाप पुस्तिकेच्या जातीची आहे. अधिकाऱ्यांनी ती मागावी, पण कमी आकडा लिहिणाऱ्यास प्रथम अडचण विचारावी, जाब नंतर. तसे झाले तर पुढच्या पंधरवड्याचा आकडाही खराच लिहिला जाईल आणि पाऊस असेतोवर उपाय करता येईल.