ही वीस मिनिटं माझी
(येडशी येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



"दिवसभर रानात वाकतो, मग आणखी व्यायाम कशाला?" असं तुमच्यातल्या एकीनं आल्या आल्या विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण खुरपताना पाठ तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेली असते. म्हणून तर रामलिंगाला जाऊन येताना कंबर धरते. ते कष्ट झाले, व्यायाम नव्हे. आसनात तीच पाठ आपण सावकाश सरळ करतो, स्वतःसाठी.

माझी सुरुवात चुकीची झाली. एका शिबिरात शेजारणीचं पाहून पहिल्याच दिवशी हलासन केलं. मान धरली, पंधरा दिवस घागर उचलता आली नाही. दुखत असताना सोसायचं ही आपली सवय, ती मी आसनातही आणली होती. पुढे गीता अय्यंगार यांचं स्त्रियांच्या योगाभ्यासावरचं पुस्तक वाचलं. पुण्यात १९७५ साली सुरू झालेल्या अय्यंगार योगसंस्थेत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. त्या पद्धतीत भिंत, खुर्ची, घडी घातलेलं कांबळं यांचा आधार घेतात. आधार घेण्यात कमीपणा नाही, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही साधी सुरुवात करा. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. सतरंजी अंथरा. साडी पायात येत असेल तर सलवार घाला. आधी ताडासन, मग भिंतीला हात टेकून पाठ लांबवणं, शेवटी पाच मिनिटं शवासन. श्वास कोंडू नका. ताण जाणवला तर चालेल. कळ किंवा चक्कर आली की थांबा. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास, गरोदरपण असेल किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. शीर्षासन, सर्वांगासन शिकवणाऱ्याशिवाय करू नका. पाळीच्या दिवसांत उलटी आसनं टाळा असं गीता अय्यंगार सांगत. त्यामागे शरीराच्या विश्रांतीचा विचार आहे, विटाळाचा नाही.

आणखी एक सांगते. अंगात रक्त कमी असेल तर नुसत्या आसनांनी भरत नाही, आणि नवऱ्याचा मार प्राणायामानं थांबत नाही. त्यासाठी दवाखाना आहे, कायदा आहे, आपण सगळ्याजणी आहोत. "मन शांत ठेव" म्हणून कुणी तुमची बोळवण करू लागलं, तर ऐकू नका.

उद्या घरात एवढंच सांगा : ही वीस मिनिटं माझी. तेवढ्यात कुणाला चहा हवा असेल, तर ज्याचा त्यानं करून घ्यावा.