रेव्हरंड टिळकांचे कीर्तन



तानसेन समारोहाच्या आरंभी समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा होते, हे ग्वाल्हेरकरांना सांगावयास नको. ती ऐकताना मला नेहमी एका ख्रिस्ती कीर्तनकाराचे स्मरण होते. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते प्रॉटेस्टंट व मी कॅथलिक. तरी माझ्या घरी सायंप्रार्थनेस जी मराठी भजने होतात, ती बहुतेक त्यांचीच.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणात, करजगाव येथे, ब्राह्मण कुळात झाला. पुढे आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले. वाचन वाढत गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ते अमेरिकन मराठी मिशनचे उपदेशक झाले. त्या काळी चर्चमधून पाश्चात्य चालींवरची भाषांतरित गीते बरीच गायिली जात. टिळकांनी तेथे अभंग आणि कीर्तन आणले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते. माझ्या मते ही त्यांची सर्वांत धाडसी कल्पना. परंतु ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि ती रुजावयास अवधीच मिळाला नाही.

त्यांच्या गौरवात एक गोष्ट सहसा मागे राहते. त्यांच्या धर्मांतरामुळे पत्नी लक्ष्मीबाईंना सुमारे पाच वर्षे विरह सोसावा लागला. ज्यांना टिळकांनीच अक्षर शिकविले, त्या लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त पतीचा तापटपणा, संसाराविषयीची बेफिकिरी, सारे हसतहसत सांगून टाकले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, तेव्हा पुढचे चौसष्ट अध्यायही त्यांनीच रचिले. लक्ष्मीबाई नसत्या, तर टिळक आपणास केवळ तसबिरीतले राहिले असते.

आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते. माझी मुलगी शाळेत हिंदी-इंग्रजी शिकते. मराठी वाचताना अडखळते. मात्र टिळकांची भजने तिला तोंडपाठ आहेत. परवा म्हणता म्हणता मध्येच थांबून तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. मी शिक्षिका खरी, पण मलाही तो चटकन सांगता येईना. प्रार्थना तशीच थांबवून आम्ही दोघींनी कोश काढला.