यवतमाळची गाडी, पोरींच्या वहीत

आज पाककृती नाही, औषधपाणीही नाही. आज आम्ही रेल्वेबद्दल बोलणार आहोत. धामणगावच्या बायांनी रेल्वेबद्दल बोलावं यात नवल ते काय, गावाच्या नावातच रेल्वे आहे! फक्त ही रेल्वे मोबाइलमधल्या खेळातली आहे.

खेळाचं नाव माइनक्राफ्ट. २०११ साली स्वीडनमधून निघाला. त्यात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. जमीन खणायची, लाकूड तोडायचं, लोखंड वितळवायचं, घर बांधायचं, रात्री भुताखेतांपासून जीव वाचवायचा. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. आमच्या घरच्या पोट्ट्यांनी ठरवलं, धामणगाव ते यवतमाळ गाडी न्यायची. अंतर खरं धरायचं, सोपं म्हणून कमी करायचं नाही.

मग वही निघाली. आपल्या इथून यवतमाळ पंचेचाळीस किलोमीटर धरलं, म्हणजे ४५,००० ठोकळे. सहा लोखंडी कांड्या आणि एक काडी दिली की सोळा रुळ मिळतात. पण साध्या रुळावर डबा थोडं जाऊन थांबतो. म्हणून सपाटीवर दर ३८ ठोकळ्यांनी एक जोर देणारा रूळ लागतो. तो सोन्याचा, आणि त्याला रेडस्टोन नावाच्या लाल भुकटीची वीज लागते. वीज तोडली की तोच रूळ ब्रेक होतो. स्टेशनात डबा थांबवायचा तो असाच. पोरींनी हिशेब मांडला: लोखंडाच्या साडेसोळा हजारांच्या आसपास कांड्या, सोन्याच्या बाराशेच्या आसपास. आणि डबा धावणार सेकंदाला आठ ठोकळे, म्हणजे ताशी २९ किलोमीटरही नाही. यवतमाळ गाठायला दीड तासाच्या वर! आपली शकुंतला आठवली आम्हाला. मुर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर रमतगमत जायची. आता तीही बंद.

सोनं बाराशे कांड्या ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "बाप्पा, एवढ्यात तर साऱ्या गावच्या पोरींची लग्नं होतील!"

यावर पोरींनी जो तोड काढला, त्याचं आम्हाला खरं कौतुक वाटलं. या खेळात जमिनीखालचं एक पाताळ आहे, त्याला नेदर म्हणतात. तिथे एक पाऊल चाललं की वर आठ पावलं सरतात. म्हणून वरच्या ठिकाणाच्या आकड्यांना आठानं भागायचं, पाताळात त्या जागी दार उभारायचं, आणि रुळ खालून टाकायचे. ४५,००० भागिले आठ, ५,६२५. लोखंड दोन हजारांच्या थोडं वर, सोनं दीडशे कांड्या, प्रवास पावणेबारा मिनिटांचा. भागाकार चुकला तर दार भलत्याच शेतात उघडतं, म्हणून तिघींनी तो वेगवेगळा करून ताडून पाहिला. सातवीतली मुलगी गणिताच्या वहीकडे सहा महिन्यांत इतक्या वेळा वळली नव्हती.

पाताळात सुख नाही हेही सांगायला हवं. तिथे तप्त रसाचे तलाव आहेत, होकायंत्र भरकटतं, पाणी ओतलं की वाफ होऊन जातं, आणि दमून खाट टाकून झोपायला गेलं तर खाटच फुटते. उडणारी भुतं आगीचे गोळे फेकतात. म्हणून रुळांभोवती दगडाचा बोगदा बांधावा लागतो. साधा फोडलेला दगड त्या गोळ्यांना दाद देत नाही.

खऱ्या रेल्वेची आखणी मात्र वेगळी असते, ती त्यांना आम्ही सांगितली. खेळात रूळ एक ठोकळा पुढे जाताना एक ठोकळा चढू शकतो. आपल्या कसाऱ्याच्या घाटात सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, तरी गाडीला जादा इंजिनं लावतात. इंग्रजांनी मुंबईहून ही वाट नागपूरपर्यंत १८६७ साली आणली ती कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड दिसलं. तरीही मुख्य मार्ग कापसाच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेत, अमरावतीत शिरला नाही. तो बडनेऱ्यावरून गेला, अमरावतीला नंतर फाटा काढावा लागला. आजही आपण अमरावतीला जाताना बडनेऱ्याचं नाव आधी घेतो.

ही गोष्ट ऐकल्यावरच पोरींचं भांडण लागलं. कारण त्यांची पाताळातली गाडी बाभूळगावला थांबतच नव्हती. एकीचा मामा बाभूळगावचा. ती म्हणे, "बारा मिनिटांत यवतमाळ घेऊन काय करू, मला मधात उतरायचं हाय."

मैत्रिणींनो, हे भांडण खेळातलं असलं तरी खोटं नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग होतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. यवतमाळला मोठी गाडी पोहोचेल तेव्हा आम्हाला आनंदच होईल. पण आज यवतमाळचे लोक मुंबईची गाडी धरायला आपल्याकडे येतात, त्यावर ऑटोवाले, चहावाले, फळवाल्या बाया जगतात. आणि बाभूळगाव त्या मार्गावर नाहीच. रेषा कुठून जाते, यावर कोणाची मुलगी कॉलेजला रोज जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते, हे ठरतं. ते आखणाऱ्यांत पोरी असाव्यात, असं आम्हाला फार वाटतं.

म्हणून मोबाइलबद्दल एक बोलतो. पुष्कळ घरांत फोन एकच असतो. दादा दोन तास बंदुका चालवतो तेव्हा "पोट्टा खेळून राहिला" म्हणतात. पोट्टीनं वीस मिनिटं घेतला की भांडी आठवतात. वेळ मोजा, जरूर मोजा. डोळ्यांची काळजी आम्हालाही आहे. पण दोघांना घड्याळ एकच लावा. आमच्याकडे दोघांनाही चाळीस मिनिटं, आणि वहीतलं काम त्यात धरत नाही.

भांडणाचा निकाल सांगायचा राहिला. मधल्या दाराला काळ्या काचेसारखे दहा दगड पुरतात, कोपरे नाही भरले तरी चालतं. ते खणायला हिऱ्याची कुदळ लागते, ती मामाच्या भाचीनं मिळवली. थांब्यानं पाऊण मिनिट वाढलं, दोघींनी कुरकुर करून ते मान्य केलं. आजवर १,८०० ठोकळे रुळ पडले आहेत, बाभूळगाव अजून हजारभर पुढे आहे. सध्या वाद पाटीच्या रंगावर चालू आहे. त्यांना गुलाबी हवी. स्टेशनची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी, असं आमचं मत आम्ही कळवलं आहे.