घोडा, बार आणि बिनगोळीचे काडतूस

सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर, 1670 मध्ये, शिवाजी महाराजांच्या घोडदळाने वऱ्हाडातील सधन पेठ असलेल्या कारंजा लाडपर्यंत धडक मारली, तेव्हा स्वारांची मदार भाला, तलवार आणि वेग यांवरच होती. कारण तोडेदार बंदूक, म्हणजे जळत्या वातीने दारू पेटवणारी बंदूक, दौडत्या घोड्यावर पुन्हा भरणे अतिशय कठीण होते. एकोणिसाव्या शतकात दारू, तिला पेटवणारी टोपी आणि गोळी एकाच धातूच्या नळीत सामावणारे काडतूस रूढ झाले आणि ही अडचण सरली. अमेरिकेत पुढे दौडत्या घोड्यावरून पिस्तुलाने फुगे फोडण्याचा खेळही रुजला.

या खेळातील काडतुसात दारू असते, गोळी नसते. नळीतून सुटणारे जळते कण जवळचा फुगा फोडतात. यावरूनच असे काडतूस निरुपद्रवी नसल्याचे उघड होते. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन अभिनेत्याने चित्रीकरणाच्या वेळी अशा काडतुसाचे पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला, आणि त्यामुळे कवटीला झालेली इजा त्याच्या मृत्यूस कारण ठरली.

नेमबाजीपूर्वी घोड्याची तयारी करावी लागते. घोडा हा मूळचा भक्ष्य प्राणी असल्याने अचानक आवाज होताच पळणे हा त्याचा स्वभाव असतो. त्याचे कान आवाजाच्या दिशेने स्वतंत्रपणे वळतात आणि माणसाला ऐकू न येणारे उच्च ध्वनीही टिपतात. म्हणून आवाज प्रथम दूरवर व हलका काढून, घोडा शांतपणे वैरण खात राहिला तरच अंतर कमी करतात. कान मागे पडले, नाकपुड्या फुलल्या किंवा अंग आखडले, तर पुन्हा मागे सरतात. या शिक्षणाच्या सुरुवातीला बंदूक लागतच नाही. टाळी किंवा डबा पुरेसा असतो.

काडतूस घरी भरणे मात्र दोन्ही अंगांनी घातक आहे. अंदाजाने भरलेल्या दारूमुळे हत्यार हातातच फुटू शकते. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीत भरावयाच्या दारूचा आणि काडतुसाच्या सुट्या भागांचाही समावेश दारूगोळ्यात होतो, त्यामुळे परवान्याविना ते बनवणे हा गंभीर गुन्हा ठरतो. सरावाची जागाही जपून निवडावी लागते: कारंज्याजवळ कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगीवाचून अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. ज्यांना या खेळाची ओढ आहे, त्यांनी आधी घोड्याचा विश्वास कमवावा आणि दारूचे काम परवानाधारकांवरच सोपवावे.